घरबसल्या पोकेमॉन गो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा घोटा मोडला आणि ६ आठवडे पाय प्लास्टरमध्ये गेला. पोकेमॉन गो हा फोनवरचा गेम खऱ्या रस्त्यांच्या नकाशावर फिरून पोकेमॉन नावाचे प्राणी पकडायचा. चालण्यासाठीच बनवलेला हा गेम त्या काळात मी पलंगावरून खेळले. हे सोबतच्या खेळाडूंना कळल्यापासून प्रश्न सुरू झाले ते अजून थांबलेले नाहीत. कुणाच्या घरी तान्हं बाळ आहे, कुणाची रात्रपाळी, कुणी व्हीलचेअरवर, तर कुणाला नुसताच बाहेर पडायचा कंटाळा. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. क्रमांक एवढ्यासाठीच, की तेच तेच परत लिहायला लागू नये.

१. घराबाहेर न पडता पोकेमॉन गो खरंच खेळता येतो का?

येतो, पण तो थोडा वेगळा गेम होतो. फोनचं लोकेशन जिथे, तिथलाच नकाशा तुम्हाला दिसतो. घरात बसलात तर नकाशाचा तेवढा एक तुकडा तुमच्या वाट्याला येतो. २०१६ च्या जुलैमध्ये गेम आला तेव्हा त्या तुकड्यात जे उगवेल ते पकडायचं, बाकी काही हातात नव्हतं. आता लढती, रिमोट रेड (बलाढ्य बॉस पोकेमॉनशी अनेकांनी मिळून लांबून केलेली झुंज), मित्रांची गिफ्ट, बडी (सोबतीला निवडलेला पोकेमॉन), रॉकेट या खलनायकी टोळीचे फुगे असं बरंच काही जागेवर बसून होतं.

घरून होत नाही ते असं: लांबचा पोकेस्टॉप फिरवणं (नकाशावरची ठरावीक जागा, तिची चकती फिरवली की सामान मिळतं), लांबच्या जिममध्ये (टीमने ताब्यात ठेवायच्या जागेत) पोकेमॉन ठेवणं, रूट म्हणजे गेममधली आखलेली वाट चालणं आणि सगळ्यांनी एका जागी असायला हवं अशा गोष्टी, उदाहरणार्थ पार्टी प्ले, म्हणजे गट करून खेळणं. माझा सल्ला असा की घरून खेळताना पकडण्याचा नाद जरा कमी करा आणि लढण्याकडे वळा. पकडणाऱ्याला जागा लागते, लढणाऱ्याला लागत नाही.

२. पैसे न घालता घरून रोज काय काय मिळतं?

सगळ्यात आधी टीम गो रॉकेटचे फुगे. २०२० पासून दर ६ तासांनी एक फुगा थेट तुमच्या डोक्यावर येतो, म्हणजे दिवसाला ४. मध्यरात्र, सकाळी ६, दुपारी १२ आणि संध्याकाळी ६ अशा त्यांच्या पाळ्या असतात. त्या ६ तासांत कधीही गेम उघडा, त्या पाळीचा फुगा मिळतो. ६ ग्रंट (टोळीतले साधे शिपाई) हरवले की त्यांचे म्होरके, म्हणजे लीडर, शोधणारं रॉकेट रडार तयार होतं, आणि ते चालू असलं की पुढच्या फुग्यात लीडर येऊ शकतो. एका पोकेस्टॉपचंही तोंड न पाहता मी शॅडो पोकेमॉनची (टोळीकडून सोडवलेल्यांची) बऱ्यापैकी फौज उभी केली ती या फुग्यांवरच.

दुसरी गो बॅटल लीग, म्हणजे इतर खेळाडूंशी ऑनलाइन लढती. ५ लढतींचा एक सेट, दिवसाला साधारण ५ सेट. ग्रेट लीगला १५०० सीपीची (पोकेमॉनच्या ताकदीच्या आकड्याची) मर्यादा असते, अल्ट्राला २५००, मास्टरला मर्यादाच नाही. सुरुवातीला लढती खुल्या व्हायला काही किलोमीटर चालावं लागायचं, ती अट नंतर काढून टाकली. लढती जिंकल्या की स्टारडस्ट (पोकेमॉनची ताकद वाढवायला लागणारी पूड) मिळतं, आणि घरी बसलेल्याला स्टारडस्टचा याहून मोठा झरा दुसरा नाही. हरलात तरी सेट पूर्ण करा. अर्धवट सोडलेल्या सेटमधून काहीच हाती लागत नाही असं म्हणणारे बहुतेक वेळा दुसऱ्याच लढतीत चिडून फोन ठेवून देणारे असतात.

तिसरं म्हणजे गिफ्ट. त्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

३. घरी बसून पोकेबॉल संपतात. विकत घेण्याशिवाय मार्ग नाही का?

आहे. जेवढे सक्रिय मित्र, तेवढी गिफ्ट. प्रत्येक गिफ्टमध्ये बॉल (पोकेमॉन पकडायचे), बेरी (त्यांना भरवायची फळं), पोशन (औषध) असं काहीतरी निघतंच, आणि उघडायला कुठे जावं लागत नाही. मित्र जोडायला १२ आकडी ट्रेनर कोड पुरतो. रोज गिफ्ट पाठवणारे १५-२० मित्र असले की बॉलची चणचण बरीचशी मिटते.

आता अडचण अशी, की गिफ्ट पाठवायला आधी आपल्याकडे हवं, आणि ते मुख्यतः पोकेस्टॉप फिरवून मिळतं. बडी अधूनमधून एखादं आणून देतो, पण त्याच्या भरवशावर मोठी यादी चालत नाही. मी मित्रांना सरळ सांगितलं होतं, ‘पाय बरा होईपर्यंत मी नुसती घेणारी.’ कुणाची तक्रार आली नाही. मैत्रीची पातळी वाढायला दिवसातून एकदा दोघांपैकी एकाने काहीतरी केलं तरी भागतं. १ दिवसाला गुड फ्रेंड, ७ दिवसांना ग्रेट, ३० दिवसांना अल्ट्रा आणि ९० दिवसांना बेस्ट. बेस्ट फ्रेंड होताना एक्सपी (अनुभवाचे गुण) भरघोस मिळतात, म्हणून त्या क्षणी ते दुप्पट करणारं लकी एग लावायला दोघांनी आधी वेळ ठरवून घ्या.

गिफ्टमधून ७ किलोमीटरची, म्हणजे तेवढं चालल्यावर फुटणारी, अंडी येतात. ती घरात उबवायची कशी, हे प्रश्न ९ मध्ये.

४. घरात इन्सेन्स लावून उपयोग होतो का?

होतो, पण फार आशा ठेवू नका. इन्सेन्स म्हणजे पोकेमॉन जवळ ओढणारी धूप. साधा इन्सेन्स ६० मिनिटं चालतो. चालत असाल तर साधारण मिनिटाला एक पोकेमॉन येतो, बसून असाल तर ५ मिनिटांना एक. म्हणजे तासाभरात जेमतेम १२. साथीच्या काळात बसल्या जागीही मिनिटाला एक यायचा, ती सवलत २०२१ च्या शेवटी गेली.

म्हणून इन्सेन्स जपून ठेवा आणि कम्युनिटी डेला (एका खास पोकेमॉनच्या दिवशी) लावा. दुपारी २ ते ५ हे त्याचे नेहमीचे तास. त्या वेळी इन्सेन्समधून बहुतेक त्या दिवसाचा खास पोकेमॉनच येतो. काही इव्हेंटमध्ये बसलेल्यांसाठीही वेग वाढवतात, ते घोषणेत लिहिलेलं असतं.

रोज फुकट मिळणारा डेली ॲडव्हेंचर इन्सेन्स ही वेगळी गोष्ट. तो १५ मिनिटांचा आणि चालणाऱ्यांसाठीच. गॅलर प्रदेशाच्या तीन दुर्मीळ पक्षी-पोकेमॉनच्या आशेने सोफ्यावर लावून बसलात तर १५ मिनिटं वाया जातात, आणि हे मी करून पाहिलंय.

५. रिमोट रेड नेमकी कशी खेळायची? लांबच्या जिममध्ये मी कसा पोचणार?

दोन रस्ते आहेत. एक, तुमच्या स्क्रीनवर दिसणारं किंवा नीअरबाय यादीतलं जिम, जे हाताला लागत नाही पण डोळ्यांना दिसतं. दुसरा, मित्राचं आमंत्रण. मित्र जगात कुठेही असो, तो लॉबीत (रेड सुरू होण्याआधी जमायच्या खोलीत) शिरला आणि त्याने तुम्हाला बोलावलं की फोनवर सूचना येते. रिमोट रेड पास असेल तर तुम्ही आत. त्यासाठी लोकेशनला हात लावावा लागत नाही, आणि हे शंभर टक्के नियमात आहे.

एप्रिल २०२३ पासून एक पास १९५ कॉईनला (कॉईन हे गेममधलं चलन) आणि ३ पासांचा गठ्ठा ५२५ ला झाला. आधी एक पास १०० ला मिळायचा. त्याच वेळी दिवसाला ५ रिमोट रेडची मर्यादाही आली, जी मोठ्या इव्हेंटला वाढवतात. त्यामुळे पास हाती आला की लगेच उडवू नका. आमंत्रण देणाऱ्याला आधी विचारा किती जण आहेत. तिघांनी पाच ताऱ्यांच्या बॉसवर झेपावून वेळ संपवली, तर पुन्हा लॉबीत शिरायला पास लागत नाही हे खरं. पण बाकीचे दोघं निघून गेले तर एकट्याने त्या बॉससमोर उभं राहून होणार काय?

६. रेड दिसतेय, पास आहे, तरी रिमोटचं बटण येत नाही. का?

काही रेड हजर असणाऱ्यांसाठीच ठेवतात. २०२२ मध्ये आलेल्या एलिट रेड तशाच होत्या, आणि २०२३ मध्ये शॅडो रेड आल्या त्याही आधी जागेवर जाऊनच खेळायच्या होत्या. कोणता प्रकार कधी खुला होतो हे बदलत राहतं, म्हणून जुनी माहिती पाठ करून उपयोग नाही. बटण दिसलं नाही तर ती रेड तुमच्यासाठी नाही, एवढं धरून चाला. बटण दिसतंय पण दाबल्यावर नकार येतोय, तर दिवसाची मर्यादा संपली आहे का ते पाहा.

७. खिडकीतून पोकेस्टॉप दिसतो, पण फिरत नाही. थोडक्यासाठी राहतो!

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि दर वेळी शेवटी उद्गारचिन्ह असतं.

पोकेस्टॉपची पोच ८० मीटर आहे. मोजणी तुमच्या घरापासून होत नाही, फोनला आपण जिथे आहोत असं वाटतं त्या बिंदूपासून होते. घरातल्या घरात हा बिंदू बराच हलतो. पोकेस्टॉपच्या बाजूची खोली, खिडकीची कड, गॅलरी, गच्ची असं एकेक करून पाहा. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबा, कारण बिंदू स्थिरावायला वेळ लागतो. मला माझी जागा सापडली ती कपड्यांच्या कपाटाशेजारी, खिडकीपासून हातभर आत. खिडकीत उभं राहिलं की स्टॉप निसटायचा आणि कपाटाला टेकलं की लागायचा. का, ते विचारू नका. भिंती काय करतात याचा अंदाज प्रश्न ११ मध्ये येईल.

हे फसवणुकीत मोडत नाही. फोन घेऊन घरात फिरणं म्हणजे फिरणंच.

८. लॉकडाऊनमध्ये घरून किती छान खेळता यायचं! त्या सवलती परत येतील का?

काय आलं, काय गेलं ते आधी पाहू, म्हणजे परत काय येईल याची अटकळ तुम्हालाच बांधता येईल.

मार्च २०२० मध्ये ३० इन्सेन्सचा गठ्ठा १ कॉईनला मिळाला. एप्रिलमध्ये रिमोट रेड पास आला. पोकेस्टॉप आणि जिमची पोच ४० मीटरवरून ८० वर गेली. त्या जुलैचा गो फेस्ट कुठल्याही बागेत न होता सगळ्या जगाने आपापल्या घरून खेळला. चालण्याचं व्यसन लावणाऱ्या कंपनीने चार महिन्यांत गेम घरात आणून बसवला.

मग ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये पोच पुन्हा ४० मीटर केली. खेळाडू भडकले. रस्त्याच्या पलीकडून स्टॉप फिरवता येणं हे व्हीलचेअरवरच्या किंवा मुलाला घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी काय असतं, ते त्या आठवड्यात लोकांनी खूप लिहिलं. महिना संपायच्या आत ८० मीटर परत आले आणि कायमचे राहिले. इन्सेन्सचं (प्रश्न ४) आणि पासच्या किमतीचं (प्रश्न ५) मात्र तसं झालं नाही, आरडाओरडा तेव्हाही कमी नव्हता.

यावरून माझं वाचन असं: पोच वाढवण्याने लोक बाहेरच राहतात, फक्त थोडे लांब उभे राहतात, म्हणून ती टिकली. रिमोट रेडने लोक घरी बसतात, म्हणून तिच्यावर लगाम आला. २०२५ मध्ये गेम बनवणाऱ्या नियांटिकने आपला गेमचा व्यवसाय स्कोपली या कंपनीला विकला, तरी गेमचा मूळ बाज चालण्याचाच आहे. १ कॉईनच्या गठ्ठ्याची वाट मी तरी पाहत नाही.

९. घरातल्या घरात चाललं तर किलोमीटर मोजले जातात का?

जातात, पण गेम बंद ठेवून. हे लोकांना उलटं वाटतं, म्हणून नीट सांगते.

गेम उघडा असतो तेव्हा अंतर जीपीएसवरून मोजलं जातं. या खोलीतून त्या खोलीत गेलात तर जीपीएसच्या लेखी तुम्ही हललाच नाहीत. गेम बंद असतो तेव्हा ॲडव्हेंचर सिंक काम करतं. २०१८ च्या शेवटी आलेली ही सोय फोनच्या आरोग्याच्या ॲपमधली पावलं उचलते, आयफोनवर हेल्थमधून आणि अँड्रॉइडवर गूगल फिट किंवा हेल्थ कनेक्टमधून. म्हणजे स्वयंपाकघरातल्या येरझाऱ्यासुद्धा अंड्याला आणि बडीला लागू होतात. सेटिंगमध्ये ॲडव्हेंचर सिंक चालू करा, आरोग्याच्या ॲपला परवानगी द्या, आणि गेम नुसता मागे न ढकलता पूर्ण बंद करा. पुन्हा उघडल्यावर आकडा यायला थोडा वेळ लागतो, लगेच घाबरून सेटिंग चाळायला जाऊ नका.

आठवड्याचा हिशेब सोमवारी सकाळी ९ वाजता होतो. ५, २५ आणि ५० किलोमीटरच्या टप्प्यांवर बक्षिसं असतात. घरात २५ होतात. ५० ला मात्र घर मोठं हवं, नाहीतर डोकं फिरलेलं.

वॉकर वापरणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहील. वॉकर घेऊन पलंग ते स्वयंपाकघर मी दिवसातून १०-१२ वेळा जायचे, पण फोन त्यातली निम्मी पावलंसुद्धा पकडायचा नाही. वॉकरवर हात धरलेले असतात, अंगाला नेहमीसारखा झोका बसत नाही. पावलं मोजणारा बँड मनगटावरून काढून चांगल्या पायाच्या घोट्याला बांधला, आणि आकडा सुधारला. व्हीलचेअरवर पावलंच पडत नाहीत, त्यामुळे तिथे गेम उघडा ठेवून मोकळ्या जागेत फिरणं हाच भरवशाचा मार्ग.

१०. ट्रेडमिल चालते का? आणि फोन हलवणारं यंत्र?

ट्रेडमिल चालते, वरच्याच नियमाने. फोन खिशात हवा, समोरच्या कठड्यावर नको.

फोन झुलवणारी यंत्रं, पंख्याला बांधलेले फोन, पाळण्यात ठेवलेले फोन, या सगळ्याबद्दल मला विचारून झालंय. त्यात लोकेशन खोटं नसतं, पावलं खोटी असतात. यावरून कुणाचं खातं बंद झाल्याचं माझ्या ओळखीत नाही, पण न चाललेल्या पावलांचा हिशेब सांगणं हे गेमच्या भावनेत बसत नाही, आणि मी ते सुचवणार नाही. पंख्यावरून पडलेल्या फोनची काच बदलायला जे लागतं त्यात अंडी उबवायचे बरेच इन्क्युबेटर येतात.

११. मी जागची हललेही नाही, तरी माझी ट्रेनर (नकाशावरची माझी बाहुली) आपोआप फिरते. खातं बंद होईल का?

नाही. याला ड्रिफ्ट म्हणतात.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. जागा काढायला फोनला किमान ४ उपग्रहांचा सिग्नल लागतो. तो इतका क्षीण असतो की काँक्रीटच्या छपराखाली येईपर्यंत बराचसा विरतो, आणि जो येतो तो समोरच्या इमारतीवर आपटून, वळसा घेऊन येतो. वळशामुळे वेळ जास्त लागतो, आणि फोन वेळेवरूनच अंतर काढत असल्यामुळे जागा चुकते. सिग्नल पुरत नाही तेव्हा फोन आजूबाजूच्या वायफायवरून आणि मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो. हे अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तुमची ट्रेनर त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालते.

एकदा रात्री २ वाजता वेदनाशामक गोळी घ्यायला उठले. फोन चार्जिंगला, गेम उघडाच राहिलेला. माझी ट्रेनर रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीतून आरपार गेली, कोपऱ्यावरच्या जिमपाशी थबकली आणि तशीच पळत परत आली. माझ्या प्लास्टरकडे पाहून तिला लाज वाटायला हवी होती.

ड्रिफ्टमुळे थोडंफार अंतर जमा होतं, कधी लांबचा स्टॉप क्षणभर हाताला लागतो. ते घ्या, त्यात काही गैर नाही. ड्रिफ्ट नको असेल तर वायफाय वापरत नसलात तरी चालू ठेवा.

१२. ‘लोकेशन सापडत नाही’ असा संदेश येतो. फोन बिघडला का?

बहुतेक वेळा परवानगीचा घोटाळा असतो. आयफोनवर आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडवर आवृत्ती १२ पासून ॲपला अचूक लोकेशन द्यायचं की अंदाजे, हे वेगळं विचारतात. अंदाजे दिलं असेल तर गेम चालत नाही. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांमध्ये कधी गंमत म्हणून मॉक (खोटं) लोकेशन निवडलं असेल तर तेही काढा. रूट केलेल्या (सिस्टमची कुलपं उघडून पूर्ण ताबा घेतलेल्या) फोनवर गेम अडतो, त्याला इलाज नाही.

१३. स्पूफिंग केलं तर खरंच पकडतात का? सगळेच तर करतात.

सगळे करत नाहीत. जे करतात ते जास्त बोलतात.

स्पूफिंग म्हणजे फोनला खोटं लोकेशन सांगणं, मग ते ॲपने असो, बदललेल्या गेमने असो की संगणकाला फोन जोडून असो. गेमच्या अटींत ते सरळ मना आहे. शिक्षेच्या ३ पायऱ्या आहेत. पहिल्या खेपेला इशारा, साधारण ७ दिवस, त्या काळात दुर्मीळ पोकेमॉन दिसत नाहीत. दुसऱ्या खेपेला खातं सुमारे ३० दिवस बंद. तिसऱ्या खेपेला कायमचं. प्रकार गंभीर वाटला तर मधल्या पायऱ्या गाळल्याही जातात.

याशिवाय खेळाडू ज्याला सॉफ्टबॅन म्हणतात तो प्रकार. थोड्या वेळात अशक्य अंतर कापलेलं दिसलं की स्टॉप काही देत नाहीत आणि पोकेमॉन पळून जातात, जास्तीत जास्त २ तास. खऱ्या विमानप्रवासानंतरही हा झटका बसू शकतो, तेव्हा घाबरू नका, सामान येईपर्यंत बहुधा सुटतो.

मला स्पूफिंगचा राग नियमामुळे येत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या जिममध्ये घरून चिकाटीने बेरी भरवत मी पोकेमॉन टिकवायची (प्रश्न १८), आणि पहाटे ४ वाजता कुणीतरी न येताच येऊन सगळे उडवून जायचं. मीही घरातच होते. पण मी जिथे होते तिथेच होते.

१४. व्हीपीएन लावलं तर दुसऱ्या देशातले पोकेमॉन दिसतील का?

नाही. व्हीपीएनने इंटरनेटचा पत्ता बदलतो, जीपीएस बदलत नाही. ट्रेनर घरातच राहते, फक्त गेम हळू होतो.

१५. माझं खातं भावाला दिलं आणि त्याने बाहेर फिरवलं तर?

खातं दुसऱ्याला वापरायला देणं अटींच्या विरुद्ध आहे, आणि एकाने अनेक खाती चालवणंही. घरोघरी होतं, हेही मला माहीत आहे. धोका लोकेशनच्या उड्यांचा: तुम्ही घरी गेम उघडलात आणि भावाने पाचव्या मिनिटाला दुसऱ्या गावात, तर गेमला ते स्पूफिंगच दिसणार. त्यापेक्षा भावाला स्वतःचं खातं काढू द्या आणि मित्र बनवा. त्याची गिफ्ट तुमच्या कामाला येतील, आणि तो रेडला गेला की आमंत्रणही.

१६. माझ्या घरालाच पोकेस्टॉप करता येईल का?

नाही. ठरावीक पातळीनंतर वेफेअरर या जागा सुचवण्याच्या सोयीतून नवीन जागा सुचवता येते, पण खासगी घराची जागा नियमानेच बाद होते, मग अंगणातला पुतळा कितीही देखणा असो.

यामागे इतिहास आहे. २०१६ मध्ये लोकांच्या अंगणात आणि कुंपणापाशी खेळाडू गोळा व्हायला लागले, आणि अमेरिकेत घरमालकांनी दावे लावले. २०१९ मध्ये तडजोड झाली. तक्रारींचा निकाल साधारण १५ दिवसांत लावायचा आणि घरापासून ४० मीटरच्या आतला स्टॉप मालकाने सांगितल्यास काढण्याचा प्रयत्न करायचा, असं कंपनीने मान्य केलं. म्हणजे घरमालकाच्या हाती अधिकार आहे तो स्टॉप काढायचा, लावायचा नाही.

मोठ्या संकुलातली सामायिक बाग, खेळाचं मैदान, वाचनालय अशा जागा मात्र चालू शकतात, पायी सुरक्षित पोचता येत असेल तर. फोटो नीट काढा, वर्णनात ‘माझ्या घरून जवळ पडेल’ असं लिहू नका. तपासणारे खेळाडूच असतात, त्यांना लगेच कळतं.

१७. नकाशात घराभोवती बाग दाखवली तर स्पॉन (उगवणारे पोकेमॉन) वाढतात म्हणे?

गेमचा नकाशा २०१७ च्या डिसेंबरपासून ओपनस्ट्रीटमॅपवरून येतो, आणि तो कुणालाही संपादित करता येतो. इथूनच ही युक्ती निघाली. करू नका. तो नकाशा रुग्णवाहिका आणि मदत पथकंही वापरतात. खोटी बाग तिथले स्वयंसेवक शोधून काढतात, आणि तोवर गेममध्ये तिचा काही परिणाम होईलच असंही नाही. खरी बाग नकाशात नसेल तर मात्र जरूर टाका.

१८. घरून कॉईन मिळवता येतात का?

अर्धे काम घरून होतं. पोकेमॉन जिममध्ये ठेवायला तिथे जावंच लागतं (किंवा घर ८० मीटरच्या आत हवं, प्रश्न ७). एकदा ठेवला की बेरी घरूनही भरवता येतात. १० मिनिटांना १ कॉईन, दिवसाला जास्तीत जास्त ५०, म्हणजे ८ तास २० मिनिटं टिकला की पूर्ण. कॉईन मात्र तो हरून परत आल्यावरच जमा होतात. त्यामुळे कुणी येत नाही अशा आडबाजूच्या जिमपेक्षा रोज एकदा उलटणारं जिम बरं. माझ्यासाठी हे काम घरातलं कुणीतरी करेल का, असं विचारणार असाल तर प्रश्न १५ पुन्हा वाचा.

१९. रोज घरून खेळल्याने माझा पत्ता अनोळखी लोकांना कळेल का?

थेट नाही, पण गिफ्टवरून अंदाज बांधता येतो. गिफ्टवर पोकेस्टॉपचं नाव आणि ठिकाण असतं. तुम्ही ३ महिने रोज एकाच स्टॉपचं गिफ्ट पाठवलंत तर तुम्ही त्या ८० मीटरच्या वर्तुळात राहता हे समोरच्याला कळतं. मुलांच्या खात्यांबाबत हे विशेष पाहा. अनोळखी मित्रांसाठी बाहेर कुठेतरी मिळालेली गिफ्ट राखून ठेवा, घराजवळची ओळखीच्यांना द्या.

२०. घरून जास्त चांगले खेळता येतील असे दुसरे गेम कोणते?

पिकमिन ब्लूम, कारण तो पावलांवर चालतो आणि घरातली पावलंही त्याला चालतात. इन्ग्रेसमध्ये पोर्टलची (नकाशावरच्या ठाण्याची) की असेल तर लांबूनही पोर्टल रिचार्ज करता येतं, आणि २०२० पासून ड्रोन पाठवून दूरची पोर्टलं हॅक करता येतात. घरबसल्या खेळाडूला मुद्दाम काम देणारा तो जुना गेम आहे. घरी बसलेल्यांना आवडेल असा नवा गेम निवडताना एक लक्षात ठेवा: माइनक्राफ्ट अर्थ जून २०२१ मध्ये आणि हॅरी पॉटरवरचा विझार्ड्स युनाइट जानेवारी २०२२ मध्ये बंद झाला. पैसे घालण्याआधी गेम किती वर्षं टिकलाय ते पाहा.

२१. घर बदललं, आणि आता नव्या घरात बसून जुन्या घराजवळचे पोकेमॉन दिसतात. हे काय?

हसू नका, हा प्रश्न मला तिघांनी विचारलाय आणि चौथी मी स्वतः आहे.

जुना वायफाय राउटर तुम्ही नव्या घरी आणलात. फोनच्या लोकेशन सेवेकडे त्या राउटरची ओळख जुन्या पत्त्याशी जोडून ठेवलेली आहे. घरात जीपीएस कमजोर झाला की फोन वायफायवर भरवसा ठेवतो (प्रश्न ११) आणि ‘हा राउटर दिसतोय म्हणजे आपण जुन्याच घरी’ असं ठरवतो. ट्रेनर एका क्षणात तिकडे, खिडकीपाशी गेलात की इकडे. माझा जुना, हक्काचा पोकेस्टॉप मी सामान उघडायच्या आधीच नव्या घरातून एकदा फिरवला. दुसऱ्यांदा फिरवला तेव्हा काहीच मिळालं नाही, सॉफ्टबॅन लागला होता.

घाईने सेटिंग बदलायला जाऊ नका. काही दिवस खेळताना वायफाय बंद ठेवा किंवा खिडकीशी बसा. आसपास जीपीएस चालू असलेले फोन फिरत राहिले की राउटरची नोंद आपोआप नव्या पत्त्यावर येते. माझी साधारण ३ आठवड्यांनी आली.